अर्धाच नेणारा चोर

“निरीक्षणशक्ती ससाण्याची. चिकाटी मुंगीची. स्मरणशक्ती हत्तीची. नाक शिकारी कुत्र्याचं. घरातल्या कुठल्याही रहस्याच्या उकलीसाठी भेटा : फोल्के साँडेल, तिसरा मजला, लिफ्टसमोर.”

कपडे धुण्याच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर ही चिठ्ठी लागली, तेव्हा मायलिस ओल्या चादरींची बादली घेऊन तिथेच उभी होती. तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की या घरात एक मांजर पाळायची परवानगी मिळवायला तीन बैठका लागल्या होत्या. फोल्केने एका रात्रीत चार जनावरं कशी आणली?

मग तिला खालची बारीक अक्षरं दिसली. “सहायक : मायलिस, पहिला मजला.”

हे तिला नवीनच होतं.

चूक तिचीच होती म्हणा. मागच्या रविवारच्या बैठकीला ती दाढ दुखते म्हणून गेली नव्हती, आणि या घरात, रोन्नेनमध्ये, बैठकीला न जाणं म्हणजे मोकळ्या रानात पाठ उघडी टाकून झोपणं. जे काम कोणालाच नको असतं ते गैरहजर माणसाच्या गळ्यात एकमताने पडतं. ब्रूर एकदा बहिणीच्या लग्नाला गेला, तर परत आल्यावर त्याला कळलं, की छपराच्या पन्हाळ्या आता आयुष्यभर त्याच्या. त्या मानाने मायलिस स्वस्तात सुटली होती. निदान चढायचं नव्हतं.

गोथेनबर्गच्या ट्रामच्या शेवटच्या थांब्याजवळचं रोन्नेन हे सामायिक घर. प्रत्येकाचं आपापलं छोटं बिऱ्हाड, पण संध्याकाळचं जेवण खाली मोठ्या स्वयंपाकघरात, सगळ्यांचं एकत्र. रांधायला पाळ्या, वाढायला पाळ्या, बर्फ लोटायला पाळ्या. आणि सगळे निर्णय एकमताने. एकमत झाल्याशिवाय इथे जिन्यातला दिवासुद्धा बदलत नाही, आणि ते होईपर्यंत मंडळी गुण्यागोविंदाने अंधारात चाचपडतात. घटस्फोटानंतर मायलिस इथे आली ती “एकटीने जेवायला नको” एवढ्यासाठीच. जेवायला माणसं मिळाली. बोलणारी मात्र फार नव्हती. दोन वर्षं ती ज्यांच्याबरोबर बटाटे सोलत होती ते लोक बटाट्याचीसुद्धा माफी मागून साल काढायचे.

मग सप्टेंबरात त्यूरा आली.

त्यूरा ट्राम चालवायची. उत्तरेकडची, सात भावंडांतली सहावी, आवाज असा, की ट्रामला घंटा कशाला देतात असं वाटावं. ती मायलिसच्या पाळीत आली आणि पहिल्याच गुरुवारी लांबून कांदा फेकून ओरडली, “झेल, मायलिस!” मायलिसने झेलला. शाळा सोडल्यापासून तिने काही झेललं नव्हतं. त्या दिवसापासून ती गुरुवारची वाट बघायला लागली, हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायची पद्धत नव्हती.

नव्या माणसाला इथे आधी काही महिने पारखून बघतात. त्यूराची ही परीक्षेची मुदत या महिन्याअखेर संपत होती. येत्या रविवारी बैठक. एकानेही हरकत घेतली, तर जागा रांगेतल्या पुढच्या माणसाला आणि त्यूरा सामानासकट बाहेर.

आणि फोल्केला नेमका आताच गुन्हा सापडला होता.

“बैस, मायलिस,” फोल्केने तिला आपल्या खोलीत बोलावून म्हटलं. नोकरीत असताना तो लिफ्ट तपासायचा. आता निवृत्त होता आणि तपासायला काही उरलं नव्हतं. “लिफ्ट आणि माणूस, दोन्ही अडकतात ते दोन मजल्यांच्या मध्ये. हे माझं मूळ सूत्र. लिहून घे.”

“कशाला?”

“सहायक लिहून घेतात.” त्याने फ्रिजमधून आणलेली एक बशी टेबलावर ठेवली. तीत सफरचंदाच्या केकचा पातळसा काप होता. “हे बघ. सोमवारी जेवणानंतर हा तुकडा एवढा होता.” त्याने विटेएवढं माप दाखवलं. “मंगळवारी निम्मा. बुधवारी त्याच्या निम्मा. आज? आज याच्यातून पलीकडचं दिसतं. गेल्या आठवड्यात दालचिनीच्या पावाचं हेच. त्याच्या आदल्या आठवड्यात मासळीच्या वड्यांचं. सामान्य चोर अख्खं नेतो. हा अर्धाच नेतो! काय कळतं यावरून?”

“भूक कमी आहे.”

“थंड डोक्याचा आहे,” फोल्केने तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. “आणि ही कापाची कड बघ. सरळ. रेघ मारल्यासारखी. शिवाय सुरी? प्रत्येक वेळी धुतलेली, पुसलेली, जागच्या जागी. म्हणजे पुरावा नष्ट करतोय.”

“किंवा आईने वळण लावलंय.”

“वळण लावलेला चोर!” फोल्के शहारला. “असले सगळ्यात वाईट.” मग त्याने खिशातून छोटी सुरी काढली, तुकड्याचे काळजीपूर्वक दोन भाग केले आणि एक तोंडात टाकला.

“हे काय?”

“नमुना,” तो चावत म्हणाला. “उरलेला पुरावा म्हणून परत फ्रिजमध्ये ठेव.”

तपास सुरू झाला. फोल्केचा पहिला संशय ब्रूरवर होता, कारण ब्रूर गणिताचा निवृत्त मास्तर, आणि सतत अर्धं करत राहण्याची चटक गणितवाल्यांनाच असते.

“असं अर्धं अर्धं करत गेलं तर केक कधी संपेल?” फोल्केने त्याला जिन्यात गाठून अचानक विचारलं.

ब्रूरचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत कोणी आपण होऊन त्याला गणित विचारलं नव्हतं. “कधीच नाही!” तो म्हणाला, आणि तिथेच पायरीवर बसून त्याने का नाही ते समजवायला सुरुवात केली. ब्रूरची कपडे धुण्याची पाळी निघून गेली तरी तो समजावत होता. शेवटी मायलिसनेच विचारलं, “ब्रूर, शेवटचा तुकडा तू घेतलास का?”

“मी?” ब्रूर एवढा दुखावला, की बेरीज विसरला. “शेवटचा? मायलिस, तू मला ओळखत नाहीस का गं?”

“निर्दोष,” फोल्के खाली उतरताना म्हणाला. “एवढं बोलणाऱ्याला खायला वेळ कुठला?”

दुसरा सिद्धांत शिस्तीच्या उंदराचा होता. तो सुरी धुण्यापाशी अडला. तिसरा, केक फ्रिजच्या थंडीने आकसतो. त्यासाठी फोल्केने केकशेजारी एक चीजचा तुकडा मोजून ठेवला. दुसऱ्या दिवशी चीजही निम्मं झालं होतं, त्यामुळे सिद्धांत सिद्धही झाला आणि बादही.

चौथ्या खेपेला त्याने भर दुपारी, सगळे कामावर गेलेले असताना, स्वयंपाकघरात फ्रिजपुढे मैदा पसरला. “पावलांचे ठसे!” तो कुजबुजला. “आता सुटका नाही.”

“या आठवड्यात फरशी पुसायची पाळी माझी आहे,” मायलिस म्हणाली.

“सत्याची किंमत मोजावी लागते.”

“मोजतेय मी. मैदा तुझा आणि कंबर माझी.”

ठसे उमटले, आणि छान उमटले. बाहेरचे जोडे दारातच निघत असल्याने सगळे मोज्यांचे होते. त्यांतल्या एका डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. फोल्के आनंदाने थरथरला. “उंच माणूस. किंचित वाकून चालतो. एकटा राहतो, कारण बायको असती तर भोक शिवलं असतं. वृत्तीने कंजूष, पण स्वतःला फार हुशार समजणारा.”

“एवढं सगळं भोकावरून?”

“माणूस भोकातूनच कळतो, मायलिस.”

मायलिसने त्याच्या डाव्या पायाकडे बघितलं. त्यानेही बघितलं. अंगठा दोघांकडे बघत होता.

फोल्केने डावा पाय उजव्यामागे लपवला.

“माझे मोजे,” फोल्के सावकाश म्हणाला, “चोर घालून गेला. आणि परत आणून ठेवले. बघ, किती थंड डोक्याचा आहे!”

मग घरातल्या एकूण एक माणसाची जबानी झाली. फोल्केचा प्रश्न ठरलेला : “शेवटचा तुकडा तू घेतलास का?” आणि उत्तरही ठरलेलं : “छे! मी कशाला घेईन शेवटचा?” जो तो असा दचकून सांगायचा, की जणू त्याला तान्ह्या पोराच्या हातचा पाव हिसकावलास का असं विचारलंय. बैठकीची अध्यक्ष इंगेयार्ड तर इतकी दुखावली, की तिने फोल्केला कॉफी दिली, पण सोबत बिस्किट दिलं नाही. रोन्नेनमध्ये याहून कडक भाषा वापरत नाहीत.

फक्त त्यूरा निराळं बोलली. ती दारात बूट ओढत होती. “कुठला तुकडा? तो फ्रिजमधला कपटा? मला वाटलं कोणीतरी शोभेला ठेवलाय.” आणि मोठ्याने हसून ड्यूटीवर गेली.

फोल्के तिच्या पाठीकडे बघत राहिला. “हसली,” तो म्हणाला.

“ती नेहमीच हसते.”

“तेच ना. विचार कर. सप्टेंबरच्या आधी असं कधी झालं होतं का? उन्हाळ्यात बशी रिकामी असायची, स्वच्छ. सप्टेंबरात ती आली, सप्टेंबरात अर्धे सुरू झाले. शिवाय भलत्या वेळी घरी येते. ट्राम चालवते, म्हणजे नेमकं कुठे थांबायचं ते तिला कळतं. अर्ध्यावर!”

मायलिसने दार लावून घेतलं. “फोल्के, तू रविवारी हरकत घेणार आहेस?”

“नाइलाज आहे. हरकत, आणि फ्रिजला कुलूप. किल्ली माझ्याकडे.” त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. “मला तरी कुठे आनंद होतोय? पण घर म्हटलं, की विश्वास हवा. आणि विश्वास म्हटला, की कुलूप हवं.”

त्याला आनंदच होत होता. त्यात दुष्टपणा नव्हता, हीच अडचण होती. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच लोक त्याची वाट बघत होते, निदान टाळायला तरी. मायलिसला त्याचा रागही धड येईना. शनिवारभर ती आरशासमोर भाषण करून बघत राहिली : “मला असं वाटतं, म्हणजे तुम्हा सर्वांना चालणार असेल तर…” यापुढे ते कधी गेलंच नाही. बैठकीत ती आजवर एकदाच बोलली होती, “खिडकी लावू का?” म्हणून, आणि त्यावर एकमत झालं नव्हतं.

रविवारी दुपारी सगळे खालच्या लांब टेबलाभोवती जमले. बाहेर नोव्हेंबरचा उजेड नेहमीप्रमाणे हजेरी लावून निघून गेला होता. मेणबत्त्या लागल्या, कॉफी आली. त्यूराने सकाळीच आवारातल्या सफरचंदांचा मोठा केक केला होता. परीक्षेला बसलेल्या माणसाने परीक्षकांना खाऊ घालावं तसा. तो हां हां म्हणता संपला. एक तुकडा उरला.

इंगेयार्डने वाढायचा लाकडी डाव उचलला. ज्याच्या हातात डाव त्यानेच बोलायचं, असा नियम. “पहिला विषय, त्यूराचं कायम राहणं. कोणाची हरकत?”

“माझी,” म्हणत फोल्केने तो डाव घेतला, आणि घेतला तो घेतलाच.

तो लिफ्टपासून सुरू झाला. मग मानवी स्वभाव, मग दोन मजल्यांच्या मधली जागा. तोवर ब्रूरने शेवटच्या तुकड्याची बशी शेजारणीकडे हळूच सरकवली. “तू घे.”

“नको, नको, तू घे.”

“बरं, मग अर्धाच.” ब्रूरने अर्धा कापून घेतला आणि बशी पुढे गेली.

“…आणि हा गुन्हेगार,” फोल्के म्हणत होता, “आपल्यातच बसलाय!”

बशी पुढे. सुरी टिकटिक वाजली. बशी पुढे.

“…ज्याला दुसऱ्याच्या वाट्याची पर्वा नाही!”

“मला अगदी एवढासा,” कोणीतरी पुटपुटलं. बशी पुढे. इंगेयार्डने फोल्केवरची नजर न काढता अर्धा घेतला. बशी मायलिसपुढे आली. तिचं लक्ष त्यूराकडे होतं. त्यूरा आयुष्यात पहिल्यांदाच गप्प होती. कान लाल, हात मांडीवर, शाळेतल्या मुलीसारखी. ‘आता बोल,’ मायलिस स्वतःला सांगत होती. ‘ऊठ. बोल.’ तिच्या हाताने तेवढ्यात आपण होऊन सुरी घेतली, अर्धा कापला, उरलेला नीट बशीच्या मधोमध ठेवला आणि बशी पुढे सरकवली. पुढे फोल्के होता.

“…सप्टेंबरात ही आली!” फोल्केने डाव त्यूराकडे रोखला. “आणि सप्टेंबरातच अर्धे सुरू झाले! हा योगायोग?” एवढं बोलून घसा कोरडा पडल्यामुळे असेल, किंवा समोर आलेल्या बशीला नाही म्हणणं बरं दिसत नाही म्हणून असेल, त्याने डाव काखेत धरला, बशीतला उरलेला कपटा सुरीने मधोमध कापला, अर्धा तोंडात टाकला आणि अर्धा ठेवून दिला.

त्यूराचा बांध फुटला. ती हसायला लागली ती अशी, की मेणबत्त्या लवल्या. तिने टेबलावर डोकं टेकलं, बशीकडे बोट दाखवलं, काही बोलायला गेली आणि परत हसली.

“डाव नसताना बोलता येत नाही,” इंगेयार्ड म्हणाली.

“ती कुठे बोलतेय? ती हसतेय,” ब्रूर म्हणाला, आणि डाव नसताना बोलल्याबद्दल त्याने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

मायलिस उठली. आपण उठलोय हे तिला उठल्यावर कळलं. तिने फोल्केच्या काखेतला डाव ओढला. तो घट्ट होता, तिने दोन हातांनी ओढला. मग टेबलाच्या त्या टोकाला तो फेकत ओरडली, “झेल, त्यूरा!”

त्यूराने झेलला. रोन्नेनच्या इतिहासात कोणी डाव फेकला नव्हता.

“फोल्के,” त्यूराने डोळे पुसले. “तुझ्या हातात काय आहे?”

“सुरी.”

“बशीत?”

“पुरावा.”

“आणि तोंडात?”

फोल्केने गिळलं. सगळ्यांनी त्याला गिळताना बघितलं. “नमुना,” तो क्षीणपणे म्हणाला.

“आणि तुमच्या?” त्यूराने टेबलावरून नजर फिरवली. “आत्ता ही बशी ब्रूरकडून निघाली तेव्हा केक होता. इथे पोहोचली तेव्हा डासाची न्याहारी. कोणी कोणी खाल्ला?”

“मी शेवटचा घेतला नाही हं!” ब्रूर घाईने म्हणाला. “मी अर्धा ठेवला!”

“मीसुद्धा ठेवला!”

“मी तर अर्ध्याहून जास्त ठेवला,” इंगेयार्डने डावाचा नियम धाब्यावर बसवला.

“अरे, मग फ्रिजमधल्याचंही तेच ना?” त्यूरा म्हणाली. “रोज येता-जाता प्रत्येक जण अर्धा घेतो, सुरी धुतो आणि शेवटचा आपण नाही घेतला म्हणून समाधानाने झोपतो!”

जो तो आपल्या कपाकडे बघायला लागला. खोटं कोणीच बोललं नव्हतं. शेवटचा तुकडा खरंच कोणी घेतला नव्हता.

“पण सप्टेंबर!” फोल्के बुडत्या माणसासारखा ओरडला. “सप्टेंबरच्या आधी बशी रिकामी का असायची?”

इंगेयार्ड हळूच म्हणाली, “आधी वाल्टर होता.”

वाल्टर! त्यूराच्या बिऱ्हाडात आधी राहणारा म्हातारा वाल्टर, जो सप्टेंबरात लेकीकडे राहायला गेला. जेवण झालं, की खुर्ची करकरत ओढायचा, “कोणाला नकोय ना?” असं विचारायचा, उत्तराची वाट न बघता शेवटचा तुकडा उचलायचा आणि बोटाने बशी पुसायचा. वसंतात त्याच्या हावरेपणावर एक अख्खी बैठक झाली होती. इतरांचाही विचार करावा, असं त्याला सगळ्यांनी प्रेमाने सुचवलं. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली आणि बैठकीतला शेवटचा पाव खाल्ला.

“आपण त्याला हावरट म्हणायचो,” ब्रूर म्हणाला.

“आणि तो बिचारा आपली बशी मोकळी करत होता,” मायलिस म्हणाली. डाव नसताना. कोणी तिला टोकलं नाही.

त्यूराने बशी पुढे ओढली. “आमच्या घरी सात भावंडं. शेवटच्या तुकड्याला ‘तू घे, तू घे’ करणारा उपाशी झोपायचा.” आणि तिने तो कपटा बोटाने टिपून खाल्ला.

सगळ्यांनी एकदम श्वास आत घेतला. मग एकदम सोडला. खोली हलकी झाल्यासारखी वाटली.

“फोल्के, तुझी हरकत?” इंगेयार्डने विचारलं.

फोल्केने कोट सारखा केला. “मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो,” तो भारदस्तपणे म्हणाला, “की चोर घरातलाच आहे. प्रकरण सुटलं. हरकत मागे.”

एकमत झालं. इंगेयार्डने कामांच्या फळ्यावर, बर्फ आणि पन्हाळ्यांच्या खाली, खडूने लिहिलं, ‘शेवटचा तुकडा : त्यूरा.’ वाल्टरला आभाराचं कार्ड पाठवायचंही ठरलं. त्यातल्या मजकुरावर अजून दोन बैठका होतील.

पुढच्या गुरुवारी वाटाण्याचं सूप झालं, मागून पॅनकेक आले, आणि मोठ्या ताटात एक पॅनकेक उरला. त्यूराची त्या दिवशी संध्याकाळची ट्राम होती. मंडळी पॅनकेककडे न बघण्याचा प्रयत्न करत बसली. ब्रूरचा हात सुरीकडे जाऊन मिठाकडे वळला. फोल्के डोळे बारीक करून टेहळणी करत होता.

मायलिसने खुर्ची ओढली. करकर वाजवून ओढली. “कोणाला नकोय ना?” तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पॅनकेक उचलला, जॅम फासला, गुंडाळला आणि अख्खा खाल्ला. सावकाश. मग बोटाने ताट पुसलं.

फोल्के तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. “मायलिस,” तो दबक्या आवाजात म्हणाला, “शेवटचा तुकडा तू घेतलास का?”

“हो.”

आजवर त्याला असं उत्तर कोणी दिलं नव्हतं. त्याने पुसलेल्या ताटाकडे बघितलं. “आणि… पुरावा?”

“छान होता,” मायलिस म्हणाली.